ग्रॅमी कोण देतं, कुणाला आणि कशासाठी?

२ फेब्रुवारी २०२५ ला लॉस एंजेलिसमध्ये ६७ वा ग्रॅमी सोहळा झाला. आपल्याकडच्या बातम्यांमध्ये त्यातली दोन नावं ठळक होती. एक बियॉन्से, जिला 'काउबॉय कार्टर'साठी 'अखेर' वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचा पुरस्कार मिळाला. दुसरं नाव चेन्नईत जन्मलेल्या, अमेरिकेत उद्योजिका म्हणून नाव कमावलेल्या चंद्रिका टंडन यांचं. त्यांच्या 'त्रिवेणी' या अल्बमलाही ग्रॅमी मिळाला.

दोन्ही बातम्या वाचल्यावर गोंधळ उडणं साहजिक आहे. बियॉन्सेकडे त्या रात्रीच्या आधीच ३२ ग्रॅमी होते, इतके दुसऱ्या कुणाकडेही नव्हते. मग 'अखेर' कशाला? आणि सर्वोत्कृष्ट अल्बम तिचा, तर टंडन यांना कोणत्या अल्बमसाठी कोणता पुरस्कार मिळाला? ग्रॅमी हा एक पुरस्कार आहे असं आपण धरून चालतो, तिथेच घोळ सुरू होतो. त्या वर्षी ग्रॅमीचे ९४ विभाग होते. प्रत्येक विभागाचा विजेता वेगळा आणि त्याला मत देणारे लोकही बऱ्याच अंशी वेगळे. हे एकदा ध्यानात आलं की विजेत्यांची लांबलचक यादी वाचता येऊ लागते आणि तिच्यावर भांडायचं असेल तर नेमकं कशावर भांडायचं हेही कळतं.

## देणारे कोण?

अमेरिकेत १९५७ साली संगीत ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायातल्या लोकांनी एक संस्था उभी केली. आज ती रेकॉर्डिंग अकादमी या नावाने ओळखली जाते. ती सरकारी नाही आणि कुठल्या टीव्ही वाहिनीचीही नाही. तिने पहिला सोहळा ४ मे १९५९ ला केला, एकाच वेळी बेव्हर्ली हिल्स आणि न्यूयॉर्क अशा दोन ठिकाणी. तेव्हा २८ विभाग होते. ग्रॅमी हे नाव ग्रामोफोनवरून आलं, म्हणून मानचिन्हाची बाहुलीही सोनेरी ग्रामोफोनची. ती कोलोरॅडोतल्या रिजवे या छोट्या गावातल्या एका कार्यशाळेत हाताने घडवली जाते. मंचावर विजेत्याच्या हाती दिली जाते ती मात्र दाखवण्यापुरती प्रत असते आणि ती परत घेतली जाते. नाव कोरलेली खरी बाहुली नंतर घरी पोचते. निकालाचं पाकीट उघडेपर्यंत कुणाचं नाव कोरायचं हे कारागिरालाही माहीत नसतं!

मत द्यायचा हक्क अकादमीच्या मतदार सदस्यांनाच असतो. हे सदस्य म्हणजे गायक, वादक, गीतकार, संगीतकार, निर्माते, ध्वनिमुद्रण करणारे तंत्रज्ञ. प्रत्यक्ष संगीत घडवणारी माणसंच. २०२५ च्या सोहळ्यासाठी अशा मतदारांची संख्या १३,००० च्या वर होती. श्रोते मत देत नाहीत, समीक्षक देत नाहीत, रेकॉर्ड कंपन्यांचे व्यवस्थापकही त्या हुद्द्यावर मत देऊ शकत नाहीत. किती प्रती खपल्या, किती वेळा गाणं ऐकलं गेलं, याला नियमात काहीही किंमत नाही. रोख बक्षीसही नसतं.

## 'साँग' वेगळं, 'रेकॉर्ड' वेगळं

९४ पैकी सहा विभाग सगळ्या शैलींसाठी खुले असतात. त्यांना मिळून सर्वसाधारण गट म्हणू. त्यातले चार जुने आणि मानाचे: अल्बम ऑफ द इयर, रेकॉर्ड ऑफ द इयर, साँग ऑफ द इयर आणि बेस्ट न्यू आर्टिस्ट. २०२४ पासून वर्षातला निर्माता आणि वर्षातला गीतकार हे दोन विभागही या गटात आले.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती रेकॉर्ड आणि साँग यांत. मराठी श्रोत्याला हा फरक खरं तर सहज कळायला हवा, कारण गीत, संगीत आणि स्वर कुणाचे ही नावं वेगवेगळी सांगायची सवय आपल्याला रेडिओने लावली आहे. साँग ऑफ द इयर हा पुरस्कार शब्द आणि चाल रचणाऱ्यांचा. गायकाने ते रचलं नसेल तर त्याला त्यात काही मिळत नाही. रेकॉर्ड ऑफ द इयर हा एका विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा: गायकाचा, निर्मात्याचा आणि ध्वनिमुद्रण, मिक्सिंग, मास्टरिंग करणाऱ्या तंत्रज्ञांचा. २०२४ मध्ये रेकॉर्डचा पुरस्कार मायली सायरसच्या 'फ्लॉवर्स'ला मिळाला आणि साँगचा बिली आयलिश व तिचा भाऊ फिनियस यांनी लिहिलेल्या 'व्हॉट वॉज आय मेड फॉर?'ला. मतदारांचं म्हणणं एवढंच की एकाची रचना सरस होती आणि दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण. २०२५ मध्ये दोन्ही पुरस्कार केंड्रिक लमारच्या 'नॉट लाइक अस'कडे गेले, म्हणून त्या वर्षी फरक कुणाला जाणवला नाही.

बेस्ट न्यू आर्टिस्टमधलं 'न्यू'सुद्धा फसवं आहे. पहिलाच अल्बम असावा अशी अट नाही. त्या वर्षात कलाकार मोठ्या प्रमाणावर लोकांसमोर आला का, एवढंच पाहतात. शेल्बी लिन हिला २००१ साली हा पुरस्कार मिळाला तेव्हा तिचे सहा अल्बम निघालेले होते. २०२५ ची विजेती चॅपेल रोन हिलाही तिच्या पहिल्या रेकॉर्ड कंपनीने काही वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं. पुरस्कार घेताना तिने हातातल्या वहीतून वाचून दाखवलं की कंपन्यांनी कारकिर्दीच्या सुरुवातीच्या काळातल्या कलाकारांना जगण्यापुरतं वेतन आणि आरोग्य विमा द्यावा. समोर बसले होते त्याच कंपन्यांचे लोक. मला त्या रात्रीतला हा सगळ्यात मोलाचा क्षण वाटतो.

## नोंदीपासून पाकिटापर्यंत

प्रत्येक सोहळ्यासाठी एक कालखंड ठरलेला असतो. २०२५ साठी तो १६ सप्टेंबर २०२३ ते ३० ऑगस्ट २०२४ असा होता. या काळात अमेरिकेत प्रकाशित झालेलं संगीतच चालतं. म्हणून पुष्कळदा 'गेल्या वर्षीचा' अल्बम जिंकल्यासारखा वाटतो.

सदस्य किंवा रेकॉर्ड कंपन्या हजारो नोंदी पाठवतात. मग जाणकारांच्या समित्या त्या ऐकून कोणती नोंद कोणत्या विभागात बसते ते ठरवतात. इथे गुण दिले जात नाहीत, फक्त जागा ठरते. त्यानंतर पहिल्या फेरीचं मतदान होतं आणि त्यातून नामांकनं निघतात: बहुतेक विभागांत पाच, सर्वसाधारण गटात आठ. दुसऱ्या फेरीत सगळे मतदार नामांकनांतून विजेता निवडतात. २०२५ च्या सोहळ्याची दुसरी फेरी ३ जानेवारीला संपली. मतमोजणी डेलॉइट ही हिशेबतपासनीस कंपनी करते.

यात एक नियम फार महत्त्वाचा आहे. सर्वसाधारण गटातल्या सहाही विभागांत प्रत्येक मतदार मत देऊ शकतो. बाकीच्या विभागांपैकी मात्र जास्तीत जास्त दहाच निवडता येतात आणि तेही तीनच क्षेत्रांतले. जॅझ वाजवणाऱ्याने मेटल या दणदणीत रॉक शैलीचा निकाल लावू नये, हा हेतू. त्यामुळे ग्रॅमीत दोन वेगळ्या प्रकारची मतदानं एकाच छताखाली चालतात. लहान विभागात त्या क्षेत्रातली माणसं निवडतात. मोठ्या सहा विभागांत सगळे सगळ्यांना निवडतात, आणि त्यात ज्यांचं काम नीट ऐकलेलंही नाही अशांबद्दलचं मतही मिसळतं.

## सर्वाधिक मतं म्हणजे बहुमत नव्हे

विजेता ठरतो तो साध्या पद्धतीने: ज्याला सर्वांत जास्त मतं, तो जिंकला. पन्नास टक्क्यांची अट नाही, दुसरी-तिसरी पसंती नाही. आता समजा एका विभागात १२,००० जणांनी मत दिलं आणि नामांकनं आठ आहेत. मतं सारखी वाटली गेली तर प्रत्येकाला १,५०० मिळतील. म्हणजे कुणी १,६०० मतांवरही विजेता ठरू शकतो. त्याला न निवडणारे १०,४०० असले तरीही.

प्रभागाच्या निवडणुकीत एकाच विचाराचे चार उमेदवार उभे राहिले आणि पाचवा वेगळ्या गोटातला असला तर काय होतं, हे आपण पुरतं ओळखून आहोत. ग्रॅमीतही तेच घडू शकतं. २०२५ च्या अल्बम विभागात टेलर स्विफ्ट, बिली आयलिश, चार्ली एक्ससीएक्स, सब्रिना कार्पेंटर आणि चॅपेल रोन अशा पाच पॉप गायिका एकमेकींसमोर होत्या. उरलेले तिघे म्हणजे बियॉन्से, जेकब कॉलियर आणि आंद्रे ३०००. पॉपची मतं फुटली म्हणून बियॉन्से जिंकली, असं छातीठोकपणे कुणीही सांगू शकत नाही. कारण कुणाला किती मतं पडली हे अकादमी कधीच जाहीर करत नाही.

माझ्या मते ग्रॅमीतली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. मतदान गुप्त असावं हे बरोबर. पण आकडे झाकून ठेवल्यामुळे प्रत्येक निकालावर संशय घ्यायला जागा राहते आणि तो फेडायला अकादमीच्या हातात काही नसतं.

## मग ही लोकप्रियतेचीच स्पर्धा नाही का?

श्रोत्यांमधल्या लोकप्रियतेची नाही. २०११ साली बेस्ट न्यू आर्टिस्टसाठी जस्टिन बीबर आणि ड्रेक रांगेत असताना तो पुरस्कार एस्पेरांझा स्पाल्डिंग या जॅझ बासवादक गायिकेला मिळाला. २०२२ मध्ये अल्बम ऑफ द इयरसाठी जॉन बॅटिस्टच्या 'वी आर'ने टेलर स्विफ्ट आणि ऑलिव्हिया रॉड्रिगोला मागे टाकलं. खप पाहिला तर यातलं काहीच व्हायला नको होतं. संगीतकारांच्या वर्तुळात या दोघांना केवढा मान होता, हे लक्षात घेतलं तर दोन्ही निकाल उलगडतात.

पण हीच गोष्ट उलटीही फिरते. ओळखीचं नाव दिसलं की हात तिकडे जातो. १९८९ मध्ये हार्ड रॉक आणि मेटलसाठी पहिल्यांदाच पुरस्कार ठेवला गेला. सगळ्यांनी मेटॅलिका जिंकणार असं धरलं होतं. पाकिटातून नाव निघालं जेथ्रो टल, बासरीसाठी प्रसिद्ध असलेला जुना बँड. ते लोक सोहळ्याला आलेसुद्धा नव्हते, कारण आपण जिंकू असं त्यांनाही वाटलं नव्हतं. पुढच्याच वर्षी हार्ड रॉक आणि मेटल असे दोन वेगळे विभाग केले गेले.

## पैसे देऊन मिळतो का?

नोंद पाठवायला शुल्क लागतं, सदस्यत्वालाही लागतं. विचारार्थ म्हणून जाहिराती केल्या जातात, मतदारांपुढे नाव सतत राहावं यासाठी कंपन्या पैसा ओततात. ज्याच्यामागे कंपनी नाही तो इथेच मागे पडतो, हे मान्य करायला हवं. पण पैसे भरले आणि बाहुली मिळाली अशी खिडकी नाही. २०१९ नंतर अकादमीने नवे सदस्य मोठ्या प्रमाणावर घेतले आणि २०२५ च्या सोहळ्याच्या मतदारांपैकी सुमारे दोन तृतीयांश त्यानंतर आलेले होते. त्यामुळे ठरावीक लोकांना हाताशी धरणं पूर्वीइतकं सोपंही राहिलेलं नाही.

## कृष्णवर्णीय कलाकारांची तक्रार

आता बियॉन्सेच्या 'अखेर'कडे येऊ. तिचे ३२ ग्रॅमी प्रामुख्याने आर अँड बी (रिदम अँड ब्लूज), रॅप, नृत्यसंगीत अशा विभागांतले होते. अल्बम ऑफ द इयरसाठी तिला आधी चार वेळा नामांकन मिळालं आणि चारही वेळा ती हरली. २०१७ मध्ये तिला हरवणाऱ्या अ‍ॅडेलने मंचावरून सांगितलं की हा मान बियॉन्सेच्या 'लेमनेड'चा होता. कृष्णवर्णीय स्त्रीने हा पुरस्कार जिंकण्याची त्याआधीची शेवटची वेळ होती १९९९, लॉरिन हिलची. मधली २६ वर्षं अमेरिकेतलं लोकप्रिय संगीत हिपहॉप आणि आर अँड बीवर उभं होतं. आपापल्या विभागात जिंका, पण सगळ्यांसमोरचा मोठा मान दुसऱ्याला, असा हा अनुभव आहे. तक्रार पोकळ नाही. १९८९ मध्ये रॅपचा पहिला ग्रॅमी दिला गेला तो टीव्हीवर दाखवायला नकार मिळाला, म्हणून विजेत्या विल स्मिथसह अनेकांनी सोहळ्यावर बहिष्कार टाकला होता.

२०२१ साली हा वाद चिघळला. द वीकेंड या कृष्णवर्णीय गायकाचं 'ब्लाइंडिंग लाइट्स' हे २०२० मधलं अमेरिकेतलं अव्वल गाणं होतं, तरी त्याला एकही नामांकन मिळालं नाही. तेव्हा बऱ्याच विभागांत पहिल्या फेरीत पुढे आलेली नावं एका गुप्त समितीकडे जात आणि अंतिम नामांकनं ती समिती ठरवत असे. समितीवर कोण हे बाहेर कळत नसे. द वीकेंडने जाहीर केलं की यापुढे तो आपलं संगीत ग्रॅमीसाठी पाठवू देणार नाही. काही आठवड्यांतच, एप्रिल २०२१ मध्ये, अकादमीने सर्वसाधारण गट आणि शैलींच्या विभागांमधल्या या समित्या बंद केल्या. २०२५ च्या सोहळ्यात तो पुन्हा मंचावर गायला.

त्याच रात्री बियॉन्सेला कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या शैलीतल्या, अल्बमचा पुरस्कारही मिळाला. तो जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. त्यानंतर काही महिन्यांतच अकादमीने कंट्री अल्बमचे पारंपरिक आणि समकालीन असे दोन विभाग केले. वेळ पाहून अनेकांच्या भुवया उंचावल्या. दुसऱ्या बाजूने, इतर शैलींमध्ये अशी विभागणी आधीपासून आहे, हेही खरं.

## यंत्राने केलेलं संगीत चालतं का?

पुरस्कार माणसालाच मिळतो, हे अकादमीने २०२३ मध्ये नियमातच लिहिलं. यंत्राची मदत घेतलेली चालते, पण माणसाचं योगदान नाममात्र असून भागत नाही. २०२५ मध्ये बीटल्सच्या 'नाऊ अँड देन'ला रॉक सादरीकरणाचा पुरस्कार मिळाला. त्यात जॉन लेननचा आवाज जुन्या घरगुती कॅसेटवरून संगणकी तंत्राने पियानोपासून वेगळा काढलेला आहे. आवाज बनावट नाही, लेननचाच आहे. म्हणून ते नियमात बसलं.

## भारतीय कलाकाराला ग्रॅमी मिळतो, तेव्हा काय मिळतं?

पंडित रविशंकर १९६८ मध्ये ग्रॅमी मिळवणारे पहिले भारतीय ठरले. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन यांच्यासोबतच्या त्यांच्या अल्बमला तो मिळाला चेंबर म्युझिकच्या, म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या विभागात, कारण आपल्या संगीताला बसायला दुसरी जागाच नव्हती. वर्ल्ड म्युझिक हा विभाग १९९२ ला आला. त्याचा पहिला पुरस्कार 'प्लॅनेट ड्रम'ला मिळाला आणि त्यात उस्ताद झाकीर हुसेन यांचा तबला आणि विक्कू विनायकराम यांचा घटम होता. पुढे विश्वमोहन भट्ट १९९४ मध्ये याच विभागात जिंकले. 'वर्ल्ड' म्हणजे अमेरिका-युरोप सोडून उरलेले सगळे, हा अर्थ लोकांना खटकू लागला, म्हणून २०२० मध्ये विभागाचं नाव ग्लोबल म्युझिक झालं. ए. आर. रेहमान यांचे २०१० चे दोन्ही ग्रॅमी चित्रपटसंगीताच्या विभागांतले आहेत. तो रस्ता निराळा.

४ फेब्रुवारी २०२४ हा आपल्यासाठी विलक्षण दिवस होता. शक्ती या गटाच्या 'धिस मोमेंट'ला ग्लोबल अल्बमचा ग्रॅमी मिळाला. पंचेचाळीसहून अधिक वर्षांनी आलेला हा त्यांचा स्टुडिओ अल्बम. शंकर महादेवन, व्हायोलिनवादक गणेश राजगोपालन, आणि १९९२ च्या विजेत्या विक्कूंचे चिरंजीव सेल्वागणेश, तिघेही त्यात. झाकीरभाईंनी त्या दिवशी एकूण तीन ग्रॅमी जिंकले आणि त्यांतल्या दोनमध्ये राकेश चौरसियांची बासरी सोबत होती. त्यांतला एक समकालीन वाद्यसंगीताच्या विभागातला, जिथे ग्लोबलचा शिक्का नाही. माझ्या लेखी तो त्या तिन्हीतला सगळ्यात मोठा.

चंद्रिका टंडन यांचा पुरस्कार न्यू एज, अँबिएंट किंवा चांट अल्बम या विभागातला. वैदिक मंत्रांच्या या अल्बममध्ये दक्षिण आफ्रिकेचे बासरीवादक वाउटर केलरमन आणि जपानी चेलोवादक एरू मात्सुमोतो त्यांच्यासोबत होते. पाच नामांकनांत अनुष्का शंकर आणि तीन ग्रॅमी मिळवलेले रिकी केजही होते. हा विभाग लहान असला तरी समोरची नावं लहान नव्हती.

डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई गेले. दीड महिन्याने झालेल्या सोहळ्यात दिवंगत कलाकारांना टीव्हीवर जी श्रद्धांजली वाहिली गेली, तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. आधल्याच वर्षी तीन पुरस्कार घेऊन गेलेल्या माणसाचं. हे मनाला फार लागलं. मत देणाऱ्या संगीतकारांनी त्यांना ओळखलं होतं. विसर पडला तो टीव्हीच्या कार्यक्रमाला.

आणि एक सावधगिरी. 'ग्रॅमीसाठी निवड' किंवा 'ग्रॅमीच्या पहिल्या फेरीत' अशी बातमी दिसली की तपासून घ्यावं. नोंद पाठवली आणि ती नियमात बसली की ती पहिल्या फेरीच्या मतपत्रिकेवर येते, हजारो नोंदींसोबत. नामांकन त्यानंतरचं असतं, आणि त्याची अधिकृत यादी अकादमी जाहीर करते. त्या यादीत नाव नसेल तर नामांकन नाही.

बहुतेक विभागांचे पुरस्कार, भारतीय नावं हमखास असतात ते विभाग धरून, संध्याकाळच्या झगमगाटात दिले जातच नाहीत. ते त्याच दिवशी दुपारी वेगळ्या कार्यक्रमात दिले जातात. तो इंटरनेटवर थेट आणि मोफत दाखवतात. २०२४ आणि २०२५ मध्ये तो लॉस एंजेलिसच्या वेळेनुसार दुपारी साडेबाराला सुरू झाला, म्हणजे आपल्याकडे रात्री दोनला. शंकर महादेवन पुरस्कार घ्यायला मंचावर गेले आणि पत्नीचे आभार मानले, ते याच दुपारच्या कार्यक्रमात.